भूगोलाचे मास्तर, इंग्रजीचे दाजी

आमच्या दाजींना इंग्रजीची जेवढी काळजी होती, तेवढी खुद्द इंग्रजांनाही कधी वाटली नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. पण जीव सगळा इंग्रजीच्या कर्त्या-क्रियापदात. कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी असं कुणी बोललं की यांच्या पोटात कळ यायची. रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की जेवताना घास हातातच धरून बसायचे. बातम्या देणाऱ्या बाईंचं क्रियापद बरोबर पडलं की मग घास तोंडात. ताई म्हणायची, "ती बाई एकदा चुकू दे, ह्यो माणूस उपाशीच उठंल."

तेव्हा लातूर नुकतंच उस्मानाबादेतून, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या धाराशिवातून, फुटून नवा जिल्हा झालं होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्या म्हणजे कारकुनांची भरती. त्यात दुष्काळ. रानात काम नाही, म्हणून जो तो परीक्षेच्या मागं लागलेला. पार लोहा-भोकरकडची पोरंसुद्धा खोल्या करून राहिलेली. दाजी सगळ्यांना फुकट शिकवायचे, आणि तेही पाण्याच्या टँकरची वाट बघता बघता. आमच्या गल्लीत रांगेला माणसं नसायची, घागरी असायच्या; जिची घागर तिचा नंबर. दाजी त्या घागरींवर छडी टेकवून सांगायचे, "द रो ऑफ पॉट्स! घागरी किती का असंनात, रांग एकच. म्हणून 'इज'. क्रियापदानं शेजाऱ्याकडं न्हाई बघायचं, आपल्या मालकाकडं बघायचं!" एकदा भरात येऊन त्यांनी शेजारच्या काकूंची घागर एकवचनी कर्ता म्हणून उचलली नि बाजूला ठेवली. नंबर मोडला! काकूंनी गल्ली डोक्यावर घेतली, "तुमचा कर्ता घाला चुलीत, मास्तर! माझी घागर आधी जाग्यावर ठिवा!"

त्यांची सगळ्यात मठ्ठ विद्यार्थिनी मी. चाकूरला वडिलांचं किराणा दुकान. त्यांनी मला ताईकडं धाडलं तेच बजावून, "ही एकच परीक्षा. न्हाई जमलं तर उदगीरच्या स्थळाला हाव म्हणायचं." त्या स्थळानं बघायला आल्यावर मला एकच विचारलं होतं, "किती माणसांचा सैपाक एका टायमाला जमतो?" तेव्हापासून मला झोप नव्हती. मी दाजींची छडी मुकाट्यानं सोसत होते.

परीक्षेच्या सकाळी ताईनं दोघांना दही-साखर दिली. केंद्र होतं जिल्ह्याच्या गावी, मुलींच्या सरकारी शाळेत. दाजी पुढं, मी मागं. स्टँडवर गेलो नि एसटीत चढलो. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टर आमच्यापर्यंत पोचला तेव्हा मुरूड जवळ आलं होतं. दाजी ऐटीत म्हणाले, "दोन धाराशिव. जिल्ह्याला परीक्षा हाय हिची."

कंडक्टर बघतच राहिला. "मास्तर, अवो जिल्हा तर आता लातूरच की! इकडं कुठं निघालाव?"

अगंबाई! जन्मभर जिल्ह्याचं काम म्हणजे धाराशिव. पायांना तीच सवय. आणि ती मुलींची शाळा आमच्या गल्लीच्या मागंच! दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर गाडीतच उदगीरची चूल दिसायला लागली.

मुरूडला उतरलो तर परतीची गाडी नाही. दाजी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि लातूरला निघालेला पाण्याचा टँकरच अडवला. मला ड्रायव्हरशेजारी बसवलं, स्वतः मागच्या शिडीला लटकले. खड्डा आला की झाकणातून पाणी उसळायचं ते थेट त्यांच्या डोक्यावर. ओरडत होते, "सुमे, घाबरू नको! उजळणी कर!"

फाटक बंद होता होता मी आत शिरले. पेपर कसा लिहिला ते देवाला ठाऊक. बाहेर आले तर दाजी उन्हात सदरा वाळवत बसलेले. पेपर कसा गेला म्हणून विचारायची त्यांना हिंमतच होईना.

निकाल लागला नि मी पास! वडिलांनी उदगीरला नकार कळवला. मला तर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. संध्याकाळी दाजींनी ताईसमोर कान पकडले, "आता सांगतो. त्या दिवशी म्या हिला चुकीच्या गाडीत बसवलं होतं." तोवर आम्ही दोघांनी ब्र काढला नव्हता. ताई हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला, डोळे भरून आले. म्हणाली, "मला तर चुकीच्या गाडीत बसवायलासुदिक कुणी नव्हतं."

दाजींनी कान सोडले. मग हळूच म्हणाले, "भरतीचं वय हाय की तुझं अजून."