गळ्याचं बटण

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे टाचणीताई म्हणत. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी. पण बोलल्या की टोचायचंच. "पोट आत घे. राजा आहेस, पोतं नव्हेस," हे आमच्या राजाला रोजचं.

त्यांची लेक डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेली. आम्ही तिला सरकार म्हणायचो. ताई प्रत्येकाची बटणं लावत, गळ्याचं तेवढं सोडून. ते सरकारचं. ती स्टुलावर चढायची, नाकाला नाक भिडेल इतकी जवळ यायची. "हलू नको." बटण लागलं की दोन्ही गालांवर थाप मारून म्हणायची, "जा." त्या 'जा'शिवाय आमच्यातलं कोणी रंगमंचावर पाऊल टाकत नसे.

एका थंडीत तिला सर्दी झाली. आपलं रुमालावर भागतं तशीच साधी. तिच्या मात्र छातीत उतरली, ऑक्सिजन लावावा लागला. त्यातूनही बरी झाली. घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "खरी काळजी आता. विषाणू आला की हिचं शरीर गरजेपेक्षा जास्त जोर लावतं. मग तो जोर आवरायला जातं, तेही जास्तच. तेवढ्यात दुसरा विषाणू आला, तर लढायला जोरच उरत नाही."

"म्हणजे पहिल्या अंकातच घसा फोडून घेणारा नट," ताई म्हणाल्या.

"अगदी तसंच. गर्दीत नेऊ नका."

ताईंनी नेलं नाही. तेवढे दिवस गळ्याचं बटण आणि 'जा' ताईंनीच सांभाळलं. सरकार घरी बसून उशीच्या अभ्र्याची बटणं लावायची, काढायची. मग जेवेनाशी झाली. दारापाशी चपला घालून बसायची. शेवटी एका प्रयोगाला ताईंनी तिला आणलं, तोंडाला फडकं बांधून. ते तिनं स्टुलावर चढताच काढून टाकलं.

राजाच्या तोंडात खडीसाखर होती. खोकला दाबायला. नाटकात आजारपण कोणी सांगत नाही. घसा शेकायचा आणि उभं राहायचं, हेच आम्हाला शिकवलेलं. सरकारनं त्याचं बटण लावलं, गालांवर थाप मारली. "जा."

यावेळी इस्पितळातून ताई एकट्याच परतल्या.

पुढच्या प्रयोगाला राजा त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. "ताई, मला खोकला होता. मी सांगायला हवं होतं."

"आपल्यात कोण सांगतं? आणि मी तरी कुठे विचारलं? तिला आणलं मीच." त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या. "सरळ उभा राहा."

खालून वर बटणं लागत गेली. गळ्यापाशी हात थांबला. घंटा झाली. राजा हलेना, आम्हीही हललो नाही. ताईंच्या तोंडून तो एक शब्द काही फुटला नाही. त्या वळल्या आणि सेनापतीचा अंगरखा हातात घेतला.

राजा उघड्या गळ्यानंच गेला. त्याच्यामागून आम्ही सगळे तसेच. प्रेक्षकांना वाटलं, त्या राज्यात तशीच रीत असेल.