आमच्या गावाचा पांढरा ठिपका

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. हवामानावर मी लिहिणं ही धिटाईच, तेव्हा माफ करा.

कॉलेजने दिलेलं पाऊस मोजायचं यंत्र मी सुट्टीत गावी परसात बसवून आलो. ते बॅटरीवर चालतं आणि त्याची नोंद वेबसाइटवरच्या नकाशावर आपोआप येते. वसतिगृहात मला फारशा ओळखी नाहीत; संध्याकाळी मी तो नकाशाच उघडून बसतो. गेला आठवडाभर आजूबाजूची गावं निळी होत गेली, आमचा ठिपका तेवढा पांढरा राहिला. शून्य मिलिमीटर. भाताची रोपं वाळली का, हे विचारायला आईचा फोनही लागेना. इतके आकडे समोर असतात, पण घरी सगळे कसे आहेत हे त्यातला एकही सांगत नाही. त्या ठिपक्याकडे बघताना मला आपणही तसेच वगळले गेलोय असं वाटायचं.

आज फोन लागला.

“अरे, आठ दिवस नुसता कोसळतोय! लाईट नव्हती, फोन कशावर चालणार? रोपं मस्त तरारलीत.”

“मग यंत्रात शून्य कसं, आई?”

“तुझं यंत्र भिजायला लागलं, म्हणून पहिल्याच दिवशी त्यावर घमेलं पालथं घातलं. वर दगड ठेवलाय. अगदी कोरडं आहे, तू काळजी करू नकोस.”