खालची ओळ

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा बोईसरच्या लॅबमध्ये मी कुणाचा तरी रिपोर्ट छापत होतो. तिची मुलगी एवढंच म्हणाली, "मामा, आई नाय राहिली." मी रिपोर्ट पाकिटात घातला, पाकिटावर नाव लिहिलं आणि मग खाली बसलो.

कुंदाताई माझी मावसबहीण, तारापूरच्या पुढे कोळीवाड्यात दिलेली. बोंबील सुकवावेत तर तिनेच. जीभ अशी की घासाघीस करायला आलेलं गिऱ्हाईक भाव विसरून हसत सुटायचं. रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा ती डॉक्टरांनाच म्हणाली होती, "माज्या रगतात मीठ हाय, किडा टिकायचा नाय."

मुंबईला उपचार झाले. जबर औषधांनी हाडांतला मगज रिकामा केला आणि आधी काढून ठेवलेल्या तिच्याच पेशी परत सोडल्या. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा काही आठवड्यांत वर येईल, त्याला भुलू नका. त्यांतल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोग ओळखून लढणाऱ्या पेशी, सावरायला कित्येक महिने लागतील. तोवर धूळ नको, बुरशी नको. मी मान डोलावली. रोज रक्त तपासणाऱ्या माणसाला यात नवं काय होतं...

पुढे तिचं रक्त मीच तपासायचो. दर वेळी तिचा एकच प्रश्न असायचा, माळ्यावर कधी चढू? पावसाळ्यासाठी सुकी मासळी माळ्यावर ठेवायची आणि नारळी पौर्णिमेच्या आधी माळा झाडून माहेरच्यांचा वाटा काढायचा, हे काम तिने कधी सुनेच्याही हाती दिलं नव्हतं. मी दर वेळी नाही म्हणायचो आणि तिचं तोंड उतरायचं.

पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात एकूण आकडा अगदी नॉर्मल आला. मी लगेच फोन केला, "ताई, आकडा झकास आलाय." त्याच्या खालच्या ओळीत लिम्फोसाइट कमीच होत्या. ती ओळ मी पाहिली होती. पण इतक्या महिन्यांत एकदा तरी तिला चांगलं काही सांगावंसं वाटलं. बाकीचं रविवारी समोर बसून समजावू म्हटलं.

रविवारी गेलो तर ती ओट्यावर बसली होती. मास्क नव्हता, नुकत्याच उगवलेल्या केसांत धूळ होती. शेजारी माळ्यावरून काढलेली ओलसर पोती, काळी पडलेली. तिने पत्र्याचा डबा पुढे केला.

"तुजा वाटा. आकडा आला ना, मंग चढले."

आणि ती खोकली. साधाच, घशात धूळ गेल्यासारखा खोकला.

दुसऱ्याच दिवशी तिला मुंबईला हलवलं. बुरशी फुफ्फुसात उतरली होती. वॉर्डात एका दुपारी मी तिला खालच्या ओळीचं सगळं सांगून टाकलं.

"तवाच सांगायचास. तुलाच चढवला असता माळ्यावर." ती हसली, आणि तो खोकला पुन्हा सुरू झाला...

आता कुणी रिपोर्ट न्यायला आलं की मी आधी खालच्या ओळीवर बोट ठेवतो. लोक वैतागतात. डबा माझ्या टेबलाखाली आहे. बायको म्हणते, टाकून द्या, वास येतो. येतो खरा, तिच्या माळ्याचा. झाकण मी अजून उघडलेलं नाही. आत माझा वाटा आहे.