सिनेमात न आलेली बालम्मा

हैदराबाद हे राज्य होतं तोवर त्या राज्यात, तयार न झालेला सिनेमा सर्वांत जास्त वेळा पाहिलेला माणूस म्हणजे आमच्या यजमानांचे मावसभाऊ. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते. तो सिनेमा मुंबईत सहा वर्षं तयार होत होता आणि अंबरपेठेत आमच्या अंगणात दर रविवारी दुपारी लागत होता. तिकडे सेट जळला, नायिका आजारी पडली, दिग्दर्शक आणि नायक एकमेकांशी बोलेनासे झाले. इकडे खेळ एकदाही रद्द झाला नाही.

भावजी चाळिशीचे, सडेफटिंग, आमच्याच अंगणापलीकडच्या खोलीत राहणारे. मूळ गाव परभणीकडचं, शेतीवाडीचं. पण त्यांना कधी नांगराच्या जवळ उभं केलं असतं तर त्यांनी बैलांना गोष्ट सांगितली असती आणि पेरणी तशीच राहिली असती, असं माझ्या सासूबाई म्हणत. सरकारी कचेरीत उर्दू अर्जांचा मराठी तर्जुमा करणं हे त्यांचं काम. अर्जात दोन ओळी असत, ‘म्हैस हरवली आहे, तपास व्हावा.’ भावजींच्या तर्जुम्यात म्हशीच्या कपाळावर चांद येई, नदीकाठी दिवस मावळे आणि धन्याची बायको रिकामी चरवी घेऊन दारात उभी राही. असा एक कागद वाचून त्यांचे साहेब म्हणाले होते, “ही म्हैस सापडली तर गावी पाठवू नका, आधी मला दाखवा.” लग्नाचं म्हणाल तर एकदा मुलगी बघायला गेले होते. तिला एकच प्रश्न विचारला, त्या सिनेमाबद्दल काय वाटतं? ती बिचारी म्हणाली, “कोणत्या?” भावजी पोहे खाऊन उठले. दुसरे सिनेमे ते पाहत, पण त्यांची किंमत त्यांच्या लेखी शून्य. “हे सगळं चहा-बिस्किट आहे, वहिनी. जेवण अजून यायचंय.”

दर शुक्रवारी कचेरी सुटली की ते चालत कोठीच्या बाजारात जात. तिथल्या पुस्तकांच्या दुकानात मुंबईचं सिनेमाचं साप्ताहिक येई. त्यात एखादा फोटो असे: किल्ला, घोडा, पडद्याआड अर्धा चेहरा. तेवढ्या भांडवलावर रविवारचे तीन तास निघत. आम्ही बायका अंगणात चिंच फोडायला बसायचो. मी, समोरची लक्ष्मम्मा, दोन-चार शेजारणी. भावजी ओसरीच्या पायरीवर बसत आणि डोळे मिटून सुरुवात करत. घोडा आला की त्यांची मांडी हले. राणी आली की ते आपोआप पदर सावरल्यासारखं करत, आणि त्याला आम्ही कोणी हसायचो नाही.

मी हसायचे, सुरुवातीला. मला सिनेमाचं वेड नाही. चार माणसांचा संसार, पाण्याची वेळ सकाळची अर्धा तास, तीही नळाच्या मर्जीने. माझं डोकं तिकडे. म्हणून पहिल्याच वर्षी मी मध्येच विचारलं, “एवढा डोंगरावरचा किल्ला, राणी दिवसातून दोनदा न्हाते, मग पाणी कोण भरतं?”

भावजींनी डोळे उघडले. त्या दिवशी खेळ तिथेच थांबला. पुढच्या रविवारी ते आले ते बालम्माला घेऊन.

बालम्मा म्हणजे किल्ल्यावर पाणी वाहणारी म्हातारी. एक डोळा अधू, डोक्यावर दोन घागरी, खाली तळं, वर दोनशे पायऱ्या. राजाला सगळा दरबार वाकून मुजरा करी. बालम्मा वाकत नसे, कारण पाणी सांडेल. राणीला ती तोंडावर सांगे, “पाणी काय तुझा बाप वर आणतो का गं? एकदा न्हा, पुरे झालं.” आणि त्या एवढ्या मोठ्या महालात राणी रडली तर फक्त तिच्यापाशी रडे. खरं सांगते, नायक-नायिकेचं पुढे काय होतं याची मला फिकीर उरली नाही. भावजी लढाईचं वर्णन करायला लागले की मी म्हणायची, “ते असू दे, बालम्मा कुठंय?” एकदा त्यांनी तिला ताप आणला, तर तो आठवडाभर माझा स्वयंपाक बिघडत होता. यजमान म्हणाले, “कोण आजारी आहे म्हणालीस?” मी सांगितलं. त्यांनी ताटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी व्यवहारी बाई म्हणून सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

मग राज्याचे तीन तुकडे झाले. कचेरीतल्या कपाटांवर खडूने खुणा झाल्या, कोणतं इकडे राहणार, कोणतं तिकडे जाणार. माणसांवरही तशाच झाल्या. भावजींच्या वाट्याला औरंगाबाद आलं. लगेच हजर व्हा असा हुकूम. भावजींनी अर्ज केला की कान दुखतो. त्या कानाचं त्यांनी असं वर्णन केलं की साहेबांनी एक महिना दिला. दुसऱ्यांदा गावाकडे शेताची वाटणी निघाली. खरं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं: सिनेमा पुढच्या महिन्यात येणार होता. तो गेली दोन वर्षं पुढच्याच महिन्यात येणार होता. तिसऱ्या वेळी साहेबांनी बोलावून सांगितलं, “महिनाअखेर तिकडे सही केली नाहीत, तर नोकरी गेली समजा.”

“भावजी, शहाणपणा करा आणि जा,” मी रोज सांगायची. “सिनेमा औरंगाबादलाही येईल.”

“येईल. पण तिथं कुणाबरोबर बघू?”

त्यांना जा म्हणणारी मी, दर शनिवारी अफझलगंजच्या बाजारातून चिंच आणायची ती दुप्पट. ती फोडून संपेपर्यंत रविवार लांबायचा. त्या वर्षीची चिंच आम्ही पुढं तीन वर्षं खाल्ली.

आणि महिना संपायला आठ दिवस उरले असताना सिनेमा आला. खरोखर आला. टॉकीजवर एवढाल्या अक्षरांत नाव लागलं. भावजींनी आमची सगळ्यांची तिकिटं आणली, दाढी केली, नवा सदरा घातला. आम्ही सहा जणी रिक्षांतून निघालो. जनान्यात, बायकांच्या भागात, आमच्या जागा होत्या. पुढे जाड पडदा, दिवे गेले की तिथली राखणदार बाई तो सरकवते आणि समोर चित्र दिसू लागतं. भावजी खाली पुरुषांत. पडदा सरकताना लक्ष्मम्माने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

किल्ला दिसला. त्याची भिंत नायकाने हात टेकल्यावर हलली. घोडे चार होते आणि तेच चार पुन्हा पुन्हा येत होते. आमचा नायक शिडशिडीत होता. हा सहा वर्षांत चांगला गुबगुबीत झालेला, काही प्रसंगांत बारीक, काही प्रसंगांत जाड, एकाच जिन्यावर खाली बारीक आणि वर पोचेपर्यंत जाड. हे सगळं मी चालवून घेतलं. मी बालम्माची वाट बघत होते. राणी न्हायला गेली तेव्हा मी पुढे सरकून बसले. पाणी होतं, कारंजंच होतं, ते आपोआप उडत होतं. मध्यंतर झालं. मी लक्ष्मम्माला म्हटलं, “नंतर येईल.” ती म्हणाली, “हौ, बादमें आएगी.” नंतर लढाई झाली, राणीने विष घेतलं, ती एकटीच मरायला लागली, तिच्यापाशी कोणी नाही, आणि मी शेजारच्या बुरख्यातल्या बाईला मोठ्याने विचारलं, “वो पानीवाली बुढ्ढी कब आती?”

“कौनसी बुढ्ढी जी? इस पिक्चर में बुढ्ढी-उढ्ढी नै है. मैं दूसरी बार देख रई ऊँ.”

“ऐसा कैसा नै है? उसके बगैर पानी कौन भरता?”

“चुप बैठो ना जी,” ती बाई डोळ्यांना रुमाल लावत म्हणाली, “मेरे कू रोने देव.”

मागून हशा झाला. व्यवहारी बाई खाली बसली. उभी कधी राहिले होते ते मला कळलंही नव्हतं.

बाहेर भावजी भिंतीला टेकून उभे होते. आम्ही सहा जणी त्यांच्यावर अशा तुटून पडलो, जणू तो सिनेमा त्यांनीच काढला होता. “सहा साल से झूट बोले क्या तुम?” लक्ष्मम्मा म्हणाली. मीही सोडलं नाही. “भावजी, बालम्मा नाहीच त्यात!”

“हो,” ते म्हणाले. “मलाही वाटलं होतं, येईल.”

आता, तिला त्यांनीच आणलं होतं, माझ्या प्रश्नातून, आमच्या ओसरीवर. तरी तेही खाली बसून तिची वाट बघत होते. रिक्षात न बसता ते चालत निघाले. मी बाकीच्यांना पुढे पाठवलं आणि त्यांच्याबरोबर चालले. मूसी नदीचा पूल आला. मग मला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. मला ते जमत नाही, तरी बोलले. “भावजी, तुमचाच सिनेमा चांगला होता.”

ते थांबले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“वहिनी, माझा चांगला असता, तर मी ह्याची वाट बघितली असती का?”

पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात एकही शब्द जास्त नव्हता.

महिनाअखेरीस ते औरंगाबादला हजर झाले, वेळेवर. नोकरी वाचली, हे चांगलंच झालं. आता त्यांची पत्रं येतात: घर हवेशीर आहे, पाणी दोन वेळा येतं, बढती झाली, सर्वांस नमस्कार. अर्धं कार्डही भरत नाही. सिनेमाचं नाव नाही.

मध्यंतरी मुंबईत असाच एक मोठा सिनेमा तयार होतोय असं वाचलं. रविवारी बायका चिंच घेऊन बसल्या, लक्ष्मम्मा म्हणाली, “तुम बोलो ना जी.” मी बोलले. एक राजा होता, एक मुलगी होती, घरच्यांचा नकार होता, मग होकार झाला. पाच मिनिटं लागली असतील.

“बस? हो गया?”

“झालं,” मी म्हटलं.

चिंच केव्हाच फोडून झाली होती. टोपल्या भरल्या होत्या, सावली ओसरीवर चढली होती, आणि सगळ्यांच्या घरी कामं पडली होती, माझ्या तर सगळ्यांत जास्त. तरी कोणी उठेना. मीही उठले नाही.