देवाची मूठ आणि भाऊसाहेबांची कॉलर

"ही ज्वारी कोणी आणली?"

वहिनींनी आमचा डबा दोन बोटांत धरून वर उचलला होता. मेलेला उंदीर उचलतात तसा. रविवारची उपासना नुकतीच सुटलेली. मुलुंडच्या आमच्या चर्चच्या ओट्यावर बायका आपापले डबे घेऊन उभ्या. मधल्या मोठ्या पिंपात तांदूळ पडतोय. आणि वहिनी, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार, त्यांची बायको, डबा फिरवून फिरवून सगळ्यांना दाखवतायत.

"माझी हाय," आई म्हणाली.

"अहो बाई, आपल्या मंडळीत कोंबड्या आहेत का?"

हसले. सगळे हसले. क्वायरमध्ये गाणाऱ्या पोरी तोंडाला रुमाल लावून हसल्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. नकलाकार. माणसं हसवणं हे माझं काम. त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं, आणि तरी लोक हसत होते.

मग खजिनदार पुढे आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. पांढरा शर्ट. कॉलर एवढी कडक, की मान वळवायची तर अख्खं अंग वळवायला लागायचं. मऊ आवाजात म्हणाले, "बाई, देवाला आपलं उत्तम ते द्यावं. उरलंसुरलं देऊ नये."

"उरलं कुठं, भाऊसाहेब? आमी हेच खातो."

भाऊसाहेब नुसते हसले. डब्याला झाकण लावलं आणि डबा आईच्या हातात परत. आईनं तो पदराखाली घेतला. चोरीचा माल घ्यावा तसा.

भांडुपला टेकडीवर आमची खोली. तिथपर्यंत चालत आलो.

हे मुठीचं काय ते सांगतो. आमच्यात बायका चूल पेटवायच्या आधी, जे शिजवायचं त्यातली एक मूठ बाजूला काढतात. ती देवाची. वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो डबा चर्चमध्ये न्यायचा. सगळ्यांचं एकत्र करून ते विधवांना, नडलेल्यांना वाटतात. नगरकडे आमच्या गावात सगळ्यांची ज्वारीच. तालुक्याच्या बोर्डिंगात मी शिकलो, तिथं त्याच मुठींच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीवर वाढलो आणि बोर्डिंगच्या साहेबांची नक्कल करून छड्याही खाल्ल्या. दोन्ही पचलं.

मुंबईत मंडळी वेगळी. निम्मे लोक तीन पिढ्यांचे मास्तर, नर्स, बँकेतले. चर्चमध्ये जात कोणी विचारत नाही हां. "नगरकडचे ना? गावात कुठल्या अंगाला घर तुमचं?" एवढंच विचारतात. झालं काम.

त्या रविवारनंतर आईनं रेशनचा तांदूळ आणला. आम्हाला नाही. देवाला. ती भांडुपच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मिरच्या निवडायची. हात रात्रभर आग करायचे. त्या हातानं रोज ज्वारीचं पीठ मळायची, आणि त्याआधी तांदळाची मूठ काढायची. आमच्या पोटात भाकरी, देवाच्या डब्यात भात.

मी म्हणायचो, "आई, देवाची मजा आहे ना यार."

"गप बस. वरवंटा घालीन."

पण एक गोष्ट ती करायची. प्रत्येक मुठीबरोबर दोनचार दाणे ज्वारीचे टाकायची.

"आता परत कोंबडी म्हणतील."

"एवढं दिसत न्हाई कुणाला. देवाला कळाया पायजे ना, आपली कोंची ती."

वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. कंपनीत हजेरीवर होते, पगाराशिवाय काही मिळालं नाही. मी अकरावी नापास. कामधंदा नाही. नाताळच्या कार्यक्रमात मी नकला केल्या, त्यात भाऊसाहेबांचीही केली. घसा खाकरायचा, मनगटावरची बाही पुढे ओढायची, आणि डोळे अर्धे मिटून म्हणायचं, "प्रियांनो, आपलं काहीच नाही. सगळं देवाचं. आपण नुसते कारभारी." सगळं चर्च खदखदलं, आमचे पाद्री, पाळकसाहेबसुद्धा. सगळ्यात जास्त भाऊसाहेब. मला पोटाशी धरलं. "झकास रे! उद्यापासून माझ्या लाँड्रीत ये."

खोटं कशाला बोलू, मला तो माणूस आवडायला लागला. स्टेशनजवळ लाँड्री. सकाळी दुकान उघडताना आधी प्रार्थना, मग शटर. मला एक जुना शर्ट दिला, बूट दिले. चहा मागवला तर मलाही अख्खा ग्लास, कटिंग नाही. कधी पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "तुझे वडील असते तर खूश झाले असते." डब्याचं ते प्रकरण मी मनातून काढून टाकलं. म्हटलं, वहिनी तशा आहेत, भाऊसाहेब तसे नाहीत.

दर शनिवारी त्यांचा रविवारचा शर्ट मीच इस्त्री करायचो. त्यांचा एकच हट्ट. "कॉलर कडक पाहिजे. उभी राहिली पाहिजे."

मी उभी करायचो. मनापासून.

मग आईचा कारखाना पंधरावीस दिवस बंद पडला. मालकांच्या भावाभावांत भांडण. त्यात आईला खोकला लागला, मिरचीचा, वर्षानुवर्षं साठलेला. माझ्या पगारात औषध आलं की पीठ यायचं नाही. महिन्याचा शेवटचा रविवार आला. आईनं देवाचा डबा उचलला. मी म्हटलं, "आज राहू दे. आज आपणच खाऊ."

"ते आपलं हाय का?"

चर्चमध्ये डबा पिंपात रिकामा केला. मग लोक पांगल्यावर भाऊसाहेबांपाशी गेली. माझ्यासमोर. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मागितलं. "भाऊसाहेब, या वक्ताला जरा तांदूळ मिळंल का? मी बी विधवाच हाय."

भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाई, या वेळचा आधीच दुसऱ्यांना कबूल केलाय. मी प्रार्थना करीन."

बाहेर येऊन आई मला म्हणते, "असू दे. आपल्यापेक्षा कुणी नडलेलं असंल."

दुसऱ्या दिवशी सोमवार. लाँड्रीत मागच्या खोलीत कपडे कडक करायची खळ शिजवणारे एक चाचा होते. ते मुलुखाला गेले होते. भाऊसाहेब मला म्हणाले, "आज खळ तू कर. कोपऱ्यात गोणी आहे, त्यातला घे. भरपूर पाणी, मऊ होईपर्यंत शिजव, फडक्यातून गाळ." टेरिकॉटला खळ लागत नाही. ती लागते पुढाऱ्यांच्या खादीला, डॉक्टरांच्या कोटाला. आणि भाऊसाहेबांच्या कॉलरला.

मी गोणीत हात घातला. तांदूळ वर आला तो असा, की कुठल्याच वाण्याकडे मिळणार नाही. लांब दाणा, आखूड दाणा, कणी, लालसर उकडा, रेशनचा पिवळा. सगळ्या घरांचा. मला तरी कळलं नाही. म्हणजे, कळलं असावं, पण मी कळू दिलं नाही. पातेलं चढवलं. ढवळलं. शिजला. फडक्यात ओतला, पिळला. पेज खाली गेली. वर फडक्यात चोथा. आणि चोथ्यात ज्वारी.

फुगलेली. सालीसकट. एक इथं, दोन तिथं.

देवाला कळायला पाहिजे ना, आपली कोणती ती. देवाचं माहीत नाही. मला कळली.

मी फडकं तसंच घेऊन काउंटरवर गेलो. भाऊसाहेब पावत्या फाडत होते.

"हा चर्चचा तांदूळ आहे."

त्यांनी वर बघितलंही नाही. "मग?"

"विधवांचा आहे तो."

"अरे, मिसळीचा तांदूळ कोणी खात नाही. एक शिजतो, एक कच्चा राहतो. वाया जाण्यापेक्षा उपयोगात आणला. कारभारीपण म्हणजे काय? काही वाया जाऊ द्यायचं नाही."

"काल आईनं मागितला."

"तुम्हाला काही कमी पडू दिलंय का मी?" आता वर बघितलं. "हा शर्ट कोणाचा आहे तुझ्या अंगावर? पाळकसाहेबांना सगळं माहीत आहे. मी चर्चला रंग दिला, पंखे दिले, ते कोणाला दिसत नाही." मग आवाज परत मऊ. पाठीवर हात. तोच हात. "आईला सांगू नको हं. बिचारीची श्रद्धा मोडेल."

मी परत आत गेलो. खळ केली. हो, केली. खादी बुडवली, कोट बुडवले. हात चालत होते. डोक्यात एकच. मी दर शनिवारी ती कॉलर उभी करत होतो. माझ्या आईच्या पोटातला घास मी माझ्या हातानं, निखाऱ्याच्या इस्त्रीनं, त्याच्या गळ्याभोवती कडक करत होतो. आणि तो माणूस ती घालून उभा राहून सांगणार, आपलं काहीच नाही.

फडकं मी वाळवून ठेवलं. चोथ्यासकट.

पुढच्याच रविवारी चर्चमध्ये कारभारीपणाचा विशेष कार्यक्रम होता. दरवर्षी असायचा. बायबलातल्या गरीब विधवेनं आपली शेवटची दमडी दानात टाकली, त्याच्यावर प्रवचन व्हायचं. मग चहा, बिस्किटं, आणि लोक जरा सैल व्हावेत म्हणून माझ्या नकला. त्यानंतर वर्षभराच्या दानाची वचनं घ्यायची. भाऊसाहेबांनी स्वतः माइक माझ्या हातात दिला. "जरा हसव रे सगळ्यांना."

हसवलं. आधी बोर्डिंगचे साहेब केले. मग प्रार्थना करता करता पाळकसाहेबांना शिंक येते, ते केलं. लोक लोळत होते. मागून पोरं ओरडली, "भाऊसाहेब कर! भाऊसाहेब!"

केले. खाकरलो. बाही ओढली. "प्रियांनो, आपलं काहीच नाही." टाळ्या. भाऊसाहेब पहिल्या बाकावर, पोट हलतंय.

मी थांबलो नाही. त्याच आवाजात पुढे गेलो. "अरे, मिसळीचा तांदूळ कोणी खात नाही. वाया जाण्यापेक्षा खळ केली." लोक हसतच होते. त्यांना वाटलं, विनोद आहे. "पाळकसाहेबांना सगळं माहीत आहे." हसणं जरा कमी. "आईला सांगू नको हं. बिचारीची श्रद्धा मोडेल."

आता कोणी हसलं नाही. मी खिशातून फडकं काढलं आणि टेबलावर, दानाच्या पिशवीशेजारी, उलगडून ठेवलं.

"नक्कल बंद कर!" भाऊसाहेब उभे राहिले.

"नक्कल मघाशीच संपली, भाऊसाहेब."

आई मागच्या बाकावर होती. उठली. खोकत खोकत मधल्या वाटेनं पुढे आली. मला वाटलं, कानफटात मारणार. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. फडक्यावर वाकली. मिरच्या निवडतात तशी बोटं फिरवली. वाळलेला एक दाणा नखानं सोडवून तळहातावर घेतला. मग त्यांच्याकडे वळली.

"मी मागितला तवा हाच व्हता ना, भाऊसाहेब?"

त्यांनी बाही पुढे ओढली. माझ्या नकलेत ओढायचो तशीच.

पाळकसाहेब घाईघाईनं उठले. "आपण प्रार्थना करू या. सर्वांनी डोळे मिटावेत."

मिटले. सगळ्यांनी मिटले. मास्तरांनी, नर्सबाईंनी, क्वायरमधल्या पोरींनी. माना खाली. सगळं चर्च आंधळं. मी नाही मिटले. शेजारी बघितलं, आईनंही मिटले नव्हते. लहानपणापासून प्रार्थनेत डोळे उघडले तर मला चिमटा काढणारी बाई. दाणा मुठीत धरून उघड्या डोळ्यांनी उभी होती.

पुढे काही चमत्कार झाला नाही. भाऊसाहेब खजिनदार राहिले. माझी नोकरी गेली, तो शर्ट मी धुऊन, इस्त्री करून त्यांच्या काउंटरवर ठेवून आलो. खळ न घालता. काही बायका आईला भेटल्या, म्हणाल्या, खरं होतं हो, पण घरातली गोष्ट चारचौघांत बोलायची नव्हती. पाळकसाहेब समजावायला आले. "तू त्या चांगल्या माणसाचा अपमान केलास." आमच्या डब्याचा झाला तो अपमान नव्हता. ती शिस्त होती.

आई अजून मूठ काढते. ज्वारीचीच. उघड. ती मूठ मुलुंडला जात नाही. खालच्या चाळीत साळूबाई राहते, नवरा गेलेला, दोन पोरं. तिलाही त्याच ओट्यावरून "प्रार्थना करीन" मिळालं होतं. महिनाअखेर आई तिच्याकडे पीठ घेऊन जाते, आणि तिथंच बसून दोघी भाकरी थापतात.

लोकांना वाटलं, आता ही मायलेकरं तोंड दाखवणार नाहीत. का नाही दाखवणार? देव काय त्यांनी लाँड्रीत टाकलाय, पावती दाखवल्याशिवाय मिळणार नाही? आम्ही दर रविवारी जातो. पुढच्या बाकावर बसतो. गाणं सुरू होतं, दानाची पिशवी हातातून हातात येते. माझ्यापाशी आली की मी ती पुढे देत नाही. मांडीवर धरून ठेवतो आणि पिशवी फिरवणाऱ्या चर्चच्या पंचाला विचारतो, "हे कुठं जातं?"

तो डोळे वटारतो. वहिनी मागून "शू" करतात. गाण्याची कडवी संपतात, पेटीवाला परत पहिल्यापासून वाजवायला लागतो.

वाजवू दे. उत्तर मिळेपर्यंत पिशवी माझ्या मांडीवरून उठणार नाही.