म्हातारी बसली की सेट बंद

कोकंद शहरात ज्याची गाडी बिघडते त्याची अब्रूही थोडी बिघडते, कारण गाडी एर्गाश उस्ताकडे, म्हणजे एर्गाश मिस्त्रीकडे, जाते. जुन्या सोव्हिएत गाड्यांची वायरिंग गाडीखाली आडवं पडून दुरुस्त करणारा असा माणूस आता दुसरा उरला नाही. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोणाच्या सीटखाली कोणाचा कंगवा सापडला, कोणत्या हाजीसाहेबांच्या डिकीत काय खणखणलं, हे दर गुरुवारी मंडळी जमून पलाव, म्हणजे मांस घातलेला भात, खातात तिथे सगळ्यांना गरमागरम मिळतं. बायको वर्षातून दोनदा माहेरी जाते ती हवापालटासाठी, असं तो सांगतो. बायको वेगळं सांगते.

तर या उस्ताकडे तालिबजान टॅक्सीवाला आला. गाडी त्याच्या बापाच्या वेळची, आणि गाण्यांचा सेट नवा कोरा. निळे दिवे, गल्ली हादरेल असा आवाज. उस्तानेच बसवून दिलेला.

"उस्ता, फ्यूज उडतो हो. या महिन्यात सहा उडाले."

"खड्ड्यात उडतो का?"

"नाही. आई बसली की उडतो."

उस्ता खो-खो हसला. "अरे, तुझी गाणीच तसली. म्हातारीनं मनात शिवी घातली की फ्यूज काय, बॅटरी उडेल!"

हसणं सोपं होतं. दोन दिवस उस्ता त्या गाडीखाली, गाडीत आणि गाडीवर होता. बॅटरीपासूनची वायर पाहिली, बॉडीला जोडलेला नट घासूनपुसून परत आवळला, सेटच्या पाठीमागचा प्रत्येक जोड ओढून पाहिला. सगळं ठीक. सेट दिवसभर वाजला. शुक्रवारी तालिबजान आईला मावशीकडे रिश्तानला घेऊन निघाला, ती शेजारच्या सीटवर बसली आणि निळे दिवे गेले.

ही बातमी पुढच्या गुरुवारी उस्ताच्या आधी पलावाला पोचली. समोरच्या दुकानातला झाकीर, वयाने वीस वर्षांनी लहान, पडदा असलेल्या नव्या यंत्रावर गाड्या तपासणारा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "उस्ता, सगळी वायरिंग बदला. नाहीतर चष्मा तरी बदला."

मंडळी हसली. एर्गाश उस्ता दुसऱ्यावर हसणारा माणूस. स्वतःवरचं हसू त्याला पचत नाही. भातातला हात तसाच वर धरून तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारपर्यंत दोष सापडला नाही, तर दुकानाची किल्ली तुझ्या हातात देईन आणि घरी बसेन. ऐकलं सगळ्यांनी?"

ऐकलं होतंच. पंधरा माणसं होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत अर्धं कोकंद. घरी बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही घरी बसणार? मग मी कुठे जाऊ?"

बुधवारी उस्ताला सुचलं ते खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. दोष जर आईबरोबर येतो, तर आईलाच बोलवावं. तालिबजानची आई सआदत बुवी, वय ऐंशी, काठी टेकत आल्या. तालिबजानला उस्ताने चहा आणायला पिटाळलं. मग फ्यूज काढून त्याच्या जागी एक साधा दिवा जोडला. सेट बंद, म्हणून दिवाही विझलेला; पण वायर कुठे बॉडीला टेकली की तो भक्कन पेटणार, आणि फ्यूज मात्र वाचणार.

"बसा बुवी. नेहमी बसता तशाच बसा."

बुवी बसल्या. डोक्यावरचा रुमाल सावरला, बिस्मिल्ला म्हणाल्या आणि डावा हात सवयीने डॅशबोर्डच्या खाली घालून त्यांनी काहीतरी दाबलं.

दिवा भक्कन पेटला.

उस्ता गुडघ्यावर बसून आत डोकावला. सेटच्या वायरींवर त्यानेच कापडी टेप गुंडाळला होता. त्या मऊ जुडग्यात एक सेफ्टी पिन आरपार खुपसलेली, आणि पिनेला नजरेचा काळा-पांढरा मणी. म्हातारी दाबायची तेव्हा पिनेचं टोक पत्र्याला टेकायचं.

"तो मणी आहे रे," बुवी म्हणाल्या. "नवी वस्तू, त्यात गल्लीभर आवाज. शेजारणींचे डोळे काय साधे आहेत? अस्तराचं कापड हाताला लागलं, तिथे टाचून टाकला. बसले की चाचपते, आहे ना जागेवर म्हणून." मग त्यांचं लक्ष नुकत्याच पेटून विझलेल्या दिव्याकडे गेलं. "एर्गाश, हे माझ्यामुळे होत होतं का? लेकाच्या कामात मीच खोडा घातला?"

एर्गाश उस्ताच्या जिभेवर अख्खा किस्सा तयार होता, मीठमसाल्यासकट. असा किस्सा दहा वर्षांत एकदा हाती लागतो. पण म्हातारी मणी काढून टाकायला वाकली होती.

"छे हो बुवी," तो म्हणाला. "उंदराचं काम आहे."

त्याने वायरला टेप मारला, पिन चार बोटं बाजूला खऱ्या अस्तरात टाचली आणि बुवींना ती नवी जागा चाचपून दाखवली. चहा आला तेव्हा सेट वाजत होता. आई पुढच्या सीटवर बसून नाक मुरडत होती.

गुरुवारी तालिबजान पलावाला आला तो याच गाडीतून. अंगणात गाडी उभी केली आणि दार उघडं ठेवून गाणं लावलं.

"सापडलं म्हणायचं," झाकीर म्हणाला. "काय होतं?"

"उंदीर."

"उंदीर! आणि तो फक्त आई बसली की कुरतडायचा?" मंडळी खदखदून हसली. "उस्ता, उंदराचे दात उमटतात. मी बघून येतो. दात दिसले नाहीत, तर किल्ली काढून ठेवा."

हाती आलेला किस्सा उस्ताने गिळला. आयुष्यात बहुधा प्रथमच. त्याने फक्त तालिबजानकडे पाहिलं. तालिबजानही सगळ्यांबरोबर हसत होता.

झाकीर मोबाइलचा उजेड पाडून डॅशबोर्डखाली वाकला. दातांची खूण कुठेच नव्हती. नवा टेप होता, आणि शेजारी मणी लावलेली पिन, टोक जळून काळं पडलेलं. काय घडलं ते कळायला त्याला यंत्र लागलं नाही. त्याच्या स्वतःच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला तसाच मणी होता, आईने टाचलेला.

त्याने मोबाइलचा उजेड विझवला.

"काय रे, उंदीर दिसला का?" कोणीतरी ओरडलं.

झाकीर कंबर धरत उठला. "उंदीरच," तो म्हणाला. "दात चांगले उमटलेत."

"मग मांजर पाळू का गाडीत?" तालिबजानने विचारलं.

"नको. उस्तांनी बंदोबस्त केलाय."

एर्गाश उस्ताने थाळीतलं सगळ्यात चांगलं मांस भातात घेऊन मोठा घास वळला, झाकीरला जवळ बोलावलं आणि मान द्यायची रीत आहे त्याप्रमाणे आपल्या हाताने त्याच्या तोंडात भरवला. घास इतका मोठा होता की झाकीरला बराच वेळ दुसरं काही बोलताच आलं नाही.