वासेमाचाची वाकडी कॉलर

फिजीतल्या लाउटोका गावी गिरिजानंद बॉसच्या कारखान्यात वासेमाचा शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी शिवायची. हात असा बसलेला, की चर्चच्या गप्पा मारतामारता सरळ टीप घालायची.

मग सरकारने योजना काढली. अडाणी हातांना शिवण शिकवाल तर त्यांचा अर्धा पगार सरकार देईल. बॉसने कारखान्यावर शिवणवर्गाची पाटी लावली, जुन्या बायकांना कामावरून काढलं आणि त्यांनाच सोमवारी नवशिक्या म्हणून घेतलं.

"वासे, उद्या राजधानीतून, सुवाहून, सरकारी साहेब तपासणीला येणारेत. कॉलर वाकडी शिव," बॉस म्हणाला.

"मला येत नाही, बॉस."

"येत नाही म्हणजे? पगार हवाय ना?"

त्या संध्याकाळी वासेमाचा घरी चिंध्या घेऊन बसली. टीप काही केल्या बिघडेना. नवरा कसाव्याचे कंद सोलत म्हणाला, "माझ्याकडे दे, मी शिवतो. आपोआप वाकडी येईल." शेवटी डोळे मिटून शिवल्यावर जमलं.

दुसऱ्या दिवशी सुवाचे एपेली साहेब आले, कॉलर बघून हळहळले आणि स्वतः तिचा हात धरून मशीन चालवून दाखवू लागले. सुई त्यांच्याच नखात जाता जाता राहिली. पुढच्या खेपेला तिने टीप सरळ घातली, तेव्हा साहेबांचा ऊर भरून आला. पेपरात दोघांचा फोटो छापून आला. वासेमाचाला त्या फोटोची लाजच वाटली. आयुष्यभराची कारागिरी साहेबांच्या खात्यावर गेली होती.

बॉसची मात्र चंगळ झाली. शर्टांपेक्षा नवशिक्यांतच जास्त पैसा सुटतोय हे कळल्यावर त्याने गिऱ्हाइकांकडे बघणंच सोडलं. नवा ट्रक आला.

शेवटी समारंभ झाला आणि बायकांना सरकारी शिक्क्याची प्रमाणपत्रं मिळाली. इतकी वर्षं शिवलं, पण कुणी कागद दिला नव्हता. ब्रिस्बेनच्या तंबू शिवणाऱ्या कारखान्याला नेमका तोच कागद हवा होता. वासेमाचाने अर्ज केला, मैत्रिणींनाही करायला लावला. सगळ्यांना बोलावणं आलं.

बॉस तिच्या अंगणात येऊन चटईवर बसला. "ऐन शाळा उघडायच्या वेळेला निघालीस? अगं, तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच, बॉस. सरकारी शिक्क्यानिशी लिहिलंय तसं. मी नाही कशी म्हणू?"

बॉसने पगार वाढवायची भाषा केली. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि पुन्हा बॅग भरायला लागली.

बॉसने मग खरोखरच्या नवशिक्या पोरी भरल्या. त्यांना शिकवायला कारखान्यात कुणीच उरलं नव्हतं. शाळांनी गणवेश परत पाठवले, ट्रक विकावा लागला. एपेली साहेब पाहणीला आले, वाकड्या कॉलरी बघून प्रसन्नपणे म्हणाले, "सुरुवात अगदी मागच्यासारखीच आहे. पुढच्या खेपेला बघा."

 बॉसने साहेबांसाठी खुर्ची पुसली.